रुमालाखालचा भाव

२०२५ च्या जून महिन्यात, पावसाची पहिली सर येऊन गेली त्या संध्याकाळी, आम्हांला शेलूबाजारहून दूरध्वनी आला. पलीकडून आबांचा धाकटा मुलगा बोलत होता. आबा जाऊन अकरा वर्षे झाली, त्यांच्यामागोमाग दोन वर्षांनी माय गेली. परंतु वर्षातून दोन वेळा, दिवाळीला आणि नाताळला, त्या घराशी आमचे बोलणे होत असे. हा दूरध्वनी मात्र अवेळी आलेला होता.

"काका, घर इकाचं ठरवलं हाये. पयले तुमाले इचारतो. बावीस लाख."

आम्ही काहीच बोललो नाही. मग तोच म्हणाला, "काकूले इचारा. घाई नाई जी."

शेलूबाजार हे नाव आमच्या वसईकडील वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातले ते गाव. अकोल्याहून मंगरूळपीरला जाणारा रस्ता आणि नागपूरकडून कारंजा, मालेगाव, मेहकर असा तेव्हाच्या औरंगाबादकडे जाणारा जुना रस्ता, हे दोन तेथे एकमेकांना छेदतात. दोन रस्ते जेथे भेटतात तेथे माणसे थांबतात आणि जेथे माणसे थांबतात तेथे बाजार भरतो. गावाच्या नावातच तो बाजार येऊन बसलेला आहे. आम्ही १९८६ साली तेथे राहावयास गेलो तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता. इंग्रजी अमलात तो होता, १९०५ साली अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा निघाला. आमच्या जुन्या पत्रांवर म्हणून अकोला जिल्हा असाच पत्ता आहे.

आम्ही म्हणजे आम्ही उभयता. आमच्यापैकी एकाची एका बँकेच्या त्या भागातील शाखेत बदली झाली होती आणि दुसरी लग्नाला सहा महिने झालेली, वसईच्या केळीच्या वाडीतून निघून थेट वऱ्हाडच्या काळ्या मातीत येऊन पडली होती. चारही दिशांच्या एस.टी. गाड्या मिळतात म्हणून बिऱ्हाड शेलूबाजारला केले. आबांनी दोन खोल्या दिल्या. भाडे दरमहा ९० रुपये. ते ठरले कसे, तेही सांगण्यासारखे आहे. आबांनी आम्हांला ओट्यावर बसविले, पाणी दिले, चहा दिला आणि विचारले, "तुमच्याइकडे काय घेतात?" आम्ही वसईतला आकडा सांगितला. आबा हसले आणि म्हणाले, "इतके घेतले तं गाव मले नाव ठेवीन." मग त्यांनीच आकडा खाली आणला. घराच्या किमतीवर गावाच्या बोलण्याचा वचक असू शकतो, हे आम्ही तेथे प्रथम पाहिले.

घर धाब्याचे होते. मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, वर मातीचे सपाट छप्पर. मागे न्हाणी आणि एक कडुनिंब. पुढे दगडी ओटा, अठरा फूट रुंद, थेट बाजाररस्त्यावर. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना त्या भिंतींच्या आड दुपारची झोप लागत असे. पावसाळ्यात मात्र कोठे ना कोठे गळे आणि आबा स्वतः वर चढून मातीचा थर घालीत.

त्या ओट्याची खरी किंमत बाजाराच्या दिवशी कळत असे. पहाटेपासून खाचरांचा आणि दमण्यांचा आवाज सुरू होई. उजाडेपर्यंत पाले ठोकली जात. आमच्या ओट्यावर एक कासार बसत असे. त्याच्या बापापासूनची ती जागा. भाडे म्हणून तो पैसा देत नसे. संक्रांतीला मायच्या आणि घरातल्या सुनांच्या हातांत बांगड्या भरीत असे, एवढेच. पहिल्या संक्रांतीला त्याने आमचाही हात पुढे करावयास सांगितला. त्याच्या पलीकडे मिरच्यांचे ढीग लागत आणि त्या खकाण्याने आमचे तान्हे मूल शिंकून शिंकून लाल होई. आसपासच्या खेड्यांतून बाजाराला आलेली मायची माहेरची आणि सासरची माणसे आपल्या पिशव्या आमच्या ओसरीत ठेवून जात, माठातले पाणी पीत, दुपारी तेथेच आडवी होत. आमच्या परवानगीचा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. आरंभी आम्हांला राग येत असे. पुढे ज्या आठवड्यात कोणी पिशवी ठेवली नाही त्या आठवड्यात आम्हीच मायला विचारू लागलो, "आज कोणी आले नाही का?"

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आबा माळकरी, घर शाकाहारी, आणि आमच्या फळीवर वसईहून आणलेले सुके बोंबील. मायच्या नाकाला ते पहिल्याच दिवशी कळले होते. ती काही बोलली नाही. तिने एवढेच सुचविले की, असले काही करावयाचे तर बाजाराच्या दिवशी करावे, मिरचीच्या खाटात कोणाला कळत नाही. चार वर्षे आम्ही तो नियम पाळला. आमच्या मुलाला ती अंगाला तेल लावून पायांवर न्हाऊ घालीत असे, आणि त्या बाजारदिवशी संध्याकाळी न चुकता विचारीत असे, "झालं का व तुमचं?"

बाजारदिवस सोडून इतर दिवशी त्या ओट्यावर एक शिंपी बसत असे. सारा गाव त्याला टेलरभाऊ म्हणे. एक पायमशीन, एक लाकडी पेटी आणि मागे त्याची लहान मुलगी, काजे करीत बसलेली. त्याच्याबद्दल पुढे लिहावयाचे आहे. ते लिहिता यावे म्हणूनच खरे तर हा लेख आहे.

१९८९ साली आबांना पैशांची नड लागली. थोरल्या मुलीचे लग्न होते आणि त्या वर्षी कापूस हाती लागला नव्हता. घराचा रस्त्याकडचा भाग, म्हणजे ओटा आणि मागची एक खोली, विकण्याची त्यांनी तयारी केली. किंमत १८,००० रुपये. प्रथम त्यांनी टेलरभाऊंना विचारले. टेलरभाऊंच्या पदरी सहा हजार होते. उरलेल्या बारा हजारांसाठी ते बँकेत आले, म्हणजे आमच्यापैकी एकाच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. सोबत ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा आणला होता.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शेतजमिनीला सातबारा असतो. शहरातल्या घराला मिळकतपत्रिका असते. पण खेड्यातले घर गावठाणात असते आणि कित्येक गावठाणांची घरनिहाय मोजणी कधी झालेलीच नव्हती. घराचा म्हणून जो कागद असे तो ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीचा. ती नोंद कर कोणी भरावयाचा हे सांगते. घर कोणाच्या मालकीचे हे ती कायद्याने सिद्ध करीत नाही. त्यावर गहाण बसत नाही, आणि गहाण बसत नाही म्हणून कर्ज बसत नाही. नियम स्पष्ट होता. अर्ज परत गेला. टेलरभाऊ "बरं साहेब" म्हणाले, कागद घडी करून खिशात ठेवला आणि संध्याकाळी आमच्याच ओट्यावर आमच्याच मुलाचे झबले शिवावयास बसले. आबांनी मग घर न विकता दोन एकर शेत विकले. १९९० च्या उन्हाळ्यात आमची बदली झाली.

नियमाप्रमाणे वागलो याचे त्या वेळी आम्हांला काही वाटले नाही. आमच्यापैकी जी घरी होती तिला मात्र वाटले होते. "आपल्या खात्यात आठ हजार आहेत," असे ती त्या रात्री एकदाच म्हणाली होती. त्यावर काय उत्तर मिळाले ते आता दोघांनाही आठवत नाही.

असो. आम्ही वसईला परतलो ती वसई आम्ही सोडलेली वसई नव्हती. १९८८ पासून इकडची हिरवी पट्टी बांधकामांना खुली होऊ लागली होती. १९९० साली नियोजनासाठी सिडको आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीची ती चळवळ आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. आपल्यापैकी पुष्कळजण त्या मोर्च्यांत चाललेले आहेत. आम्हीही चाललो. आणि तरीही १९९६ साली आमची वाडी विकली गेली. पाच भावंडांची ती वाडी, एकाला पैसा हवा होता, दुसऱ्याला भांडण नको होते. आमच्या वाट्याला जे आले त्यातले बरेचसे आम्हांला आमच्याच गावात एक सदनिका घेण्यात घालावे लागले. उरले ते मुदतठेवीत गेले. जमीन विकून आपण श्रीमंत झालो असे ज्यांना वाटले त्यांच्या मुलांना त्याच गावात घर परवडेनासे झाले, हे आपल्याकडे इतक्या घरांत घडले आहे की, त्यावर आता कोणी बोलतही नाही.

ती मुदतठेव आमच्या खात्यात अद्याप होती. बावीस लाखांचा आकडा ऐकल्यावर आम्ही बोललो नाही त्याचे कारण हेच की, आम्हांला ते शक्य होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही निघालो. गाडी मुलगा चालवीत होता. त्याच घरात रांगलेला तो मुलगा आता एकोणचाळीस वर्षांचा आहे. पूर्वी कल्याणहून रात्रीची गाडी धरून सकाळी अकोल्याला उतरत असू आणि पुढे एस.टी. ने बार्शीटाकळी, महान करीत पोहोचत असू. आता भिवंडीजवळ आमणे येथे समृद्धी महामार्गावर चढावे आणि शेलूबाजारलाच उतरावे. ७०१ किलोमीटरच्या त्या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. घराचा दूरध्वनी त्याच महिन्यात आला होता, हे मुलाच्याच लक्षात आले. "पप्पा, भाव उगाच सांगितलेला नाही," तो म्हणाला. त्याचे गणित साधे होते. मुंबईहून एका दमात जेथे उतरता येते तेथली जमीन वाढणार.

महामार्गावरून गाव दिसत नाही, गावाची पाटी दिसते. दोन्ही बाजूंना कुंपण आहे, मध्ये थांबावयाची सोय नाही. उतरण्याच्या वळणावरून खाली आलो तेव्हा शेतांत सोयाबीनच्या सुड्या लागलेल्या होत्या, एका बांधावर मळणी यंत्र चालू होते. आमच्या काळी येथे पऱ्हाटी दिसत असे, म्हणजे कपाशी. आता सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. आणि रस्त्याच्या कडेला, पीक उभे असलेल्या शेतांतसुद्धा, चुन्याच्या रेषा आणि भूखंड विक्रीचे फलक.

आबांच्या मुलाने आम्हांला ओट्यावरच बसविले. पाणी, चहा, मग हळूहळू बोलणे. हा भाव आला कोठून, असे आम्ही विचारले. त्याने जे सांगितले ते आमच्यापैकी बँकेत आयुष्य काढलेल्यालाही नवे होते.

महामार्गासाठी जमिनी गेल्या तेव्हा मोबदल्याचा हिशेब २०१३ च्या भूसंपादन कायद्यावरून निघाला. ग्रामीण भागात बाजारमूल्याच्या चौपट. शासनाला थेट खरेदीने जमीन देणाऱ्यांना त्यावर आणखी पंचवीस टक्के, म्हणजे पाचपट. पण कशाच्या पाचपट? बाजारमूल्य ठरविताना सरकारी दरतक्ता पाहतात, तसेच मागील तीन वर्षांत त्या परिसरात नोंदल्या गेलेल्या खरेदीखतांतील वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरीही पाहतात. आता, मुद्रांक वाचविण्यासाठी खरेदीखतात कमी किंमत लिहावयाची आणि बाकीची हातोहात द्यावयाची, ही आपल्याकडची जुनी रीत. ज्यांनी ती वर्षानुवर्षे पाळली त्यांच्याच लिहिलेल्या आकड्यांनी त्यांच्या जमिनीचे मोल सांगितले. "आमीच लिवलेलं आमच्यावर उलटलं," आबांचा मुलगा म्हणाला. तरीही पाचपट ती पाचपटच. ज्यांच्या हाती ती रक्कम आली त्यांना पुन्हा जमीन हवी होती, आणि तीही जवळच. मागणारे पुष्कळ आणि विकणारे थोडे. शेताचा भाव चढला. शेत मिळेना तेव्हा पैसा भूखंडांकडे वळला आणि भूखंडांनंतर बाजाररस्त्यावरच्या ओट्यांकडे.

हे ऐकताना आम्हांला कारंज्याची आठवण झाली. कारंजा लाड येथून फार दूर नाही. १८८६ साली, वऱ्हाड हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाच्या कारभाराखाली असताना, तेथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. असा तो हिंदुस्थानातला पहिला. अमेरिकेतील यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली, १८६० च्या दशकात रेल्वे आली, परदेशी पेढ्यांचे खरेदीदार आले, आणि त्यांना शुद्ध माल, खरे वजन आणि उघडा भाव हवा होता. पुढे १८९७ साली साऱ्या वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. त्या समित्यांत व्यापाऱ्यांचेच वर्चस्व राहिले हे खरे; शेतकऱ्याच्या वाट्याला न्याय येण्यास पुढे फार वर्षे लागली. परंतु एक गोष्ट झाली. त्यापूर्वी बाजारात भाव रुमालाखाली ठरत असे. दलाल आणि खरेदीदार रुमालाच्या आड एकमेकांची बोटे दाबीत आणि ज्याचा माल त्याला काय ठरले ते शेवटी कळे. बैलबाजारात ही रीत आबांनीही तरुणपणी पाहिली होती. आम्हांला त्यांनी ती बोटे धरून दाखविली होती. कापसाचा भाव रुमालाबाहेर काढावयास कायदा करावा लागला. घराचा भाव मात्र अजून रुमालाखालीच आहे. एक लिहावयाचा, एक बोलावयाचा, आणि एक जो गावात कोणी खरोखर देऊ शकेल.

त्या तिसऱ्या भावाचे काय, असे आम्ही विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गावातला कोनी बाराच्या वर जात नाई." बावीस देणारा एक बाहेरचा माणूस आहे. त्याला घर नको आहे. तो धाबे पाडून अठरा फुटांत शटरचे दोन गाळे काढणार आहे.

आबांच्या मुलाला दोष देता येईल असे आम्हांला वाटत नाही. त्याची मुलगी अमरावतीला शिकते, वसतिगृहाचा खर्च त्याच्या पाच एकरांतून निघत नाही, आणि सोयाबीनला या वर्षी काय मिळेल हे त्याला सुडी लावतानाही ठाऊक नव्हते. अकोल्याला दोन खोल्या घ्याव्यात असे त्याच्या मनात आहे. बावीस लाख आले तरी तेवढ्यात त्या येतीलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आम्ही पहाटेच उठलो. खाचरे नव्हती, छोटे टेम्पो होते. पाले निळ्या प्लॅस्टिकची होती. भ्रमणध्वनीची आवरणे विकणारा जेथे बसला तेथे पूर्वी मिरच्या असत. पण नऊ वाजता कासाराचा नातू आला, त्याने ओट्याला हात लावून कपाळाला लावला आणि बांगड्यांच्या माळा मांडल्या. आणि त्याच्या मागे, खोलीच्या दारात, शिवणयंत्रावर एक बाई बसली होती. केस पांढरे होऊ लागलेले. तिने आमच्याकडे पाहिले आणि उठून उभी राहिली.

"काकू, मी काजे करत होती ना, ते."

टेलरभाऊंची ती मुलगी. लग्न होऊन गेली होती, दहा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर परत आली. वडिलांनंतर मशीन तिच्याकडे आले, आता त्याला विजेची मोटर आहे. मागची खोली आणि हा ओटा तिच्याकडे भाड्याने आहे, महिना ८०० रुपये. आबांचा मुलगा ते वाढवीत नाही. गावाचा वचक थोडा अजून शिल्लक आहे. तिची दोन मुले आहेत, थोरला कारंज्याला काम करतो.

तिने सरळ विचारले, "तुमी घेता म्हनून आयकलं. घेता काय?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते, कारण त्या प्रश्नावर आम्ही 'आम्ही' नव्हतो. आमच्यापैकी एकाला घर घ्यावयाचे होते. घर घ्यावे, तिला तेथेच राहू द्यावे, ओटा कासाराला असाच असावा, आणि १९८९ सालचा तो कागद मनातून एकदाचा फाडून टाकावा. दुसरीला ते मान्य नव्हते. "आपण किती वर्षे आहोत? आपल्यामागे ते घर याचे," असे म्हणून तिने मुलाकडे बोट दाखविले, "आणि हा विकील. चाळीस लाखांना." मुलगा काही बोलला नाही. खोटे बोलण्याची त्याला सवय नाही. "आणि आपण बावीस दिले की गावात बावीस हाच भाव होईल. मग बारावाल्याला कायमचे दार बंद. आपल्याकडे वाडीला पहिला भाव देणारा माणूसही चांगलाच होता," असे ती पुढे म्हणाली. ते खरे होते. तो आमच्या ओळखीचा होता, आमच्याच धर्मग्रामातला, आणि त्याने विहीर आणि वडाचे झाड राखण्याचे वचन दिले होते. त्याच्यानंतरच्या मालकाने ते राखले नाही.

दुपारभर आम्ही न्हाणीजवळच्या कडुनिंबाखाली बसलो. आमच्यापैकी जो बँकेत होता त्याने कागद मागविले. जुन्या सवयीने त्याला कागद पाहिल्यावाचून विचार करता येत नाही. नमुना आठ अजून आबांच्याच नावावर. २०२० साली निघालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरमालकाला मिळकतपत्रिका मिळावयाची आहे; तशी पत्रिका हाती आली की त्या घरावर कर्ज मागता येते, म्हणजे टेलरभाऊंना जे म्हटले गेले ते त्यांच्या मुलीला म्हणता येणार नाही. पण पत्रिका लागावयाची तर वारस ठरले पाहिजेत. आबांच्या दोन मुली आहेत, एक पुसदला आणि एक नांदेडला. त्यांनी हक्कसोड दिलेला नाही. भावाने अजून तो मागितलेलाही नाही. बावीस लाख देणाऱ्याला त्याची फिकीर नाही, तो इसारपावती करून ताबा घ्यावयास तयार आहे. आमच्या मते अशी घाई करणाऱ्या खरेदीदाराची विक्रेत्याने धास्ती घ्यावी, आनंद मानू नये, आणि हे आम्ही आबांच्या मुलाला तसेच सांगितले. बहिणींची सही नसलेल्या कागदावर घराचा ताबा गेला तर पैसा अर्धा येतो आणि कज्जा पुरा येतो. आपल्याकडे अशी किती प्रकरणे वसईच्या न्यायालयात पडून आहेत, तेही सांगितले.

मग आम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट सांगितली, जिच्यावर आमचे एकमत झाले होते. पूर्ण घर नव्हे. ओटा आणि मागची खोली, १९८९ साली जेवढी विकावयाची होती तेवढीच, टेलरभाऊंच्या मुलीला द्यावी. बहिणींच्या सह्या घ्याव्यात, पत्रिका करून घ्यावी. गावचा जो भाव असेल तो घ्यावा आणि तोच खरेदीखतात लिहावा. खरेदीदार स्त्री असेल तर २०२१ पासून मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. तिच्या मुलाला जेवढे कर्ज मिळेल तेवढे मिळेल. कमी पडेल ते आम्ही देऊ, बिनव्याजी, तिला जमेल तसे परत घेऊ. मागचे घर मग त्याने ठेवावे किंवा विकावे.

तो बराच वेळ हिशेब करीत राहिला. रस्त्याकडची बाजू गेल्यावर मागच्या घराला काय भाव उरतो, हे त्याला आमच्यापेक्षा चांगले कळत होते. आम्ही त्याच्याकडे फार मोठी गोष्ट मागत होतो आणि देत होतो ती मात्र आमच्या उरलेल्या ठेवीतून, जिची आम्हांला नड नव्हती. ते आम्हांला दिसत होते. त्याने हो म्हटले नाही. "पोरीची फी मार्चात हाये," तो म्हणाला. "पाडव्यालोक थांबतो, काका. बहिनीइले इचारतो." तेवढ्यात त्याची बायको आतून वरण-बट्टी वाढल्याचे सांगावयास आली आणि बोलणे तेथेच राहिले.

निघण्यापूर्वी आम्ही ओट्यावर गेलो. टेलरभाऊंच्या मुलीला जे ठरले, किंवा ठरले नाही, ते सांगितले. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता गळ्यातली मापाची फीत हातात घेत होती. पाडव्याला येणार असाल तर काकूंसाठी एक चोळी शिवून ठेवते, असे ती म्हणाली, आणि आमच्यापैकी एकीला तिने तेथेच, कासाराच्या नातवासमोर, भर बाजारात उभे करून खांद्याचे माप घेतले. मापे वहीत लिहिली. वही जुनी होती. पहिली पाने टेलरभाऊंच्या अक्षरात होती.

"आगाऊ किती देऊ?" आम्ही विचारले.

"माप घेतलं ना," ती म्हणाली. "पैशाचं मंग पाहू."